सध्याचं वय

माझी धाकटी बहीण सुलभा दुपारी मोबाईलवर एक सर्वेक्षण भरत होती. ओळखीतल्या एका विद्यार्थिनीने गृहिणींच्या झोपेविषयी पाठवलेलं. ‘सहभागी होण्यात कोणताही धोका नाही,’ असं वरच लिहिलं होतं. मी शेजारी बसून मटार सोलत होते.

मध्येच ती थांबली. “ताई, मुलं किती म्हणून विचारलंय. एक लिहू की शून्य?”

तिची मुक्ता गेल्या वर्षी तापाने गेली.

“सोडून दे तो प्रश्न.”

“सोडता येत नाही गं. उत्तर दिल्याशिवाय पुढे जातच नाही.”

तिने एक लिहिलं. लगेच पुढचा प्रश्न आला : अपत्याचं सध्याचं वय?

समोर बसून विचारणाऱ्या माणसाला तिचा चेहरा दिसला असता. तो निदान गप्प तरी झाला असता. प्रश्न लिहिणारी मुलगी वाईट नव्हती. इतक्या साध्या प्रश्नाने कुणाला काय होणार, असंच तिला वाटलं असेल. आणि काय झालं, हे तिला कधीच कळणार नाही. तिच्याकडे फक्त एक आकडा पोचेल.

सुलभाने नऊ लिहिलं. मुक्ता गेली तेव्हा आठ वर्षांची होती.