रामरतीच्या जागी

मेधा, खुर्ची जरा जवळ ओढ आणि बसून वाच. पुण्यात तू पेपरची पुरवणी उभ्या उभ्या चाळतेस, ठाऊक आहे मला; हे पत्र तसं नको. महिन्यापूर्वी फोनवर मी म्हटलं, रामरती गेली. तर तू म्हणालीस, "अरेरे... मग दुसरी मिळाली का?" रागवत नाही गं. पण त्याच प्रश्नाच्या भीतीनं ती गेली, म्हणून सांगते.

दिल्लीतलं लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही नोएडात आलो, तेव्हा आमची सोसायटी अर्धीच बांधून झाली होती. रामरती तिथं डोक्यावरून विटा वाहायची. बुंदेलखंडातली, महोब्याकडची, गावात दुसऱ्याच्या शेतावर मजुरी, तीही पाऊस पडला तर. इमारत पुरी झाली, ठेकेदार पुढं गेला आणि ही त्याच इमारतीत झाडू-भांड्यांना लागली. सकाळी गेटबाहेर, सोसायटीचा पास नसलेल्या बायका कामाच्या आशेनं उभ्या असतात. त्यांच्याकडे ती भीतीनं मान वर करून बघायची नाही. इथं कामवाली रजेवर गेली की आपल्या जागी बदली देऊन जाते. आणि शहाणी बाई बदली देते ती जरा कामचुकारच, म्हणजे मालकिणी हिची वाट बघतात. हे मला रामरतीनंच हसत हसत सांगितलं होतं.

गेल्या थंडीत तिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, भरती व्हा, ऑपरेशन करू. ही टाळायची. मी म्हटलं, तुझं काम कुठं जात नाही. "आप रखोगी माताजी. बाकी घर?" शेवटी गावाहून तिची भाची आली, सुनीता. भरती व्हायच्या आदल्या दिवशी तिला ओट्याशी उभी करून रामरती बजावत होती, "इतना अच्छा मत करना, बिटिया. कढ़ाई थोड़ी काली रहने देना." पण पोर पडली घाबरट. ओरडा बसेल म्हणून कढयांचा आरसा करायची. आठवड्यात मजल्यामजल्यावर तिचं कौतुक. खालच्या एका बाईंनी तर रामरतीच्या नवऱ्यालाच सांगितलं, तिला आराम करू दे, आम्ही हिलाच ठेवतो. बिचाऱ्याला तो चांगुलपणा वाटला, त्यानं हॉस्पिटलात जाऊन सांगितलं...

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर रामरती. हातावर सुईची पट्टी तशीच, ओठ पांढरे. ऑपरेशनचं विचारलं, तर म्हणाली, "बाद में हो जाएगा. घर गया तो गया." मागं सुनीता रडत उभी, मी मुद्दाम नाही केलं बुआ, म्हणत. रामरतीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि झाडू उचलला. मी मनगट धरलं, परत चल म्हटलं, रिक्षा बोलावते म्हटलं, ऐकलं नाही. होळीही बघितली नाही तिनं.

न्हाणीघराच्या दारामागं तिची कामाची साडी अजून खुंटीवर आहे. सुनीता येते, आपली ओढणी कडीला अडकवते, त्या खुंटीला हात लावत नाही. साडी काढून ठेव म्हटलं, तर म्हणाली, "बुआ की जगह है." आता तिकडे गावी तिची आई आजारी आहे. निरोप आला, तरी जात नाही. जागी ठेवायची कुणाला, ही भीती. सकाळी तिची बेल वाजायला जरा उशीर झाला की मीच दार उघडून बाहेर बघते.

म्हणून म्हणते, ये. चार दिवस राहा. भांडी आपण दोघी घासू, पोर आईला भेटून येईल. बाकीच्यांच्या घरीही जायचंय, तिची वाट बघा, दुसरी ठेवू नका, म्हणून सांगायला... एकटीनं ती दारं ठोठावायला मला भीती वाटते गं. लवकर ये.