व्लास्ताबाई आणि एक जानेवारी १९७०

व्लास्ता कुबिचकोव्हा चेक देशातल्या आमच्या झालेशोव गावच्या बस डेपोत काम करते. वय सत्तावन्न, आवाज भोंग्यासारखा आणि साहेबलोकांबद्दल आदर शून्य. आधी वीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारा जोडल्या. एक्स्चेंज बंद पडलं, तेव्हा पन्नाशीला टेकलेली ही बाई सरकारी वर्गात जाऊन बसली आणि लिनक्स शिकून आली. "मास्तरला वाटलं, मी फरशी पुसायला आलेय," असं ती सांगते. माझं टेबल तिच्या शेजारी, त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांदेखत पाहिलं.

गावात एक्केचाळीस थांब्यांवर बसच्या वेळा दाखवणारे बोर्ड आहेत. प्रत्येकाच्या पोटात काडेपेटीएवढा संगणक. वीज येते रस्त्याच्या दिव्यांच्या तारेवरून, आणि ती तार कधी दगा देईल त्याचा नेम नाही. संगणक काही लिहीत असताना वीज गेली की आतलं मेमरी कार्ड नासायचं, बोर्ड काळाठिक्कर. मग व्लास्ताबाई शिडी घेऊन निघायची. एका हिवाळ्यात त्रेसष्ट वेळा चढली. शेवटी तिने आमचे साहेब, इंजिनियर श्मीड, यांना सांगितलं, "कार्ड फक्त वाचण्यापुरतं ठेवू. लिहिणंच नाही, तर नासेल कशाला?"

श्मीडसाहेबांनी आठवडाभर नकार दिला आणि आठव्या दिवशी तीच कल्पना स्वतःची म्हणून महापौरांना ऐकवली.

"पण काही फाइली लिहाव्याच लागतात, त्यांचं काय?" बाईने विचारलं. "बोर्डात घड्याळाची बॅटरी नाही. दर पाच मिनिटांनी तो वेळ लिहून ठेवतो आणि वीज आल्यावर तिथून पुढे मोजतो."

"ती टाकू तात्पुरत्या मेमरीत."

"वीज गेली की ती धुऊन जाते, साहेब."

"व्लास्ताबाई, तुम्ही शिडीचं बघा."

नव्या बोर्डांच्या उद्घाटनाची फीत कापली, सॉसेज खाऊन झाले. चार दिवसांनी वादळात वीज गेली आणि आली. एक्केचाळीसही बोर्ड ठणठणीत उठले आणि सगळ्यांवर एकच तारीख झळकली: गुरुवार, १ जानेवारी १९७०. लिनक्सची कालगणना तिथून सुरू होते. खरी वेळ मुख्य संगणकाला विचारावी, तर बोर्ड आधी त्याचं ओळख पटवणारं, ठरावीक मुदतीचं डिजिटल प्रमाणपत्र तपासणार. आणि १९७० सालात बसलेल्या बोर्डाच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच यायचं होतं. म्हणजे वेळ माहीत असल्याशिवाय वेळ विचारायची सोय नाही!

चर्चजवळच्या थांब्यावर बाई शिडी लावत होती, तर ओल्द्रिखआजोबा म्हणाले, "अहो, राहू द्या की. सत्तर साली माझे गुडघे शाबूत होते."

"आणि अक्कल?" बाकावरची म्हातारी फिस्कारली. "कम्युनिस्ट पार्टीचं सभासदपत्र घ्यायला रांगेत पहिला तूच होतास!"

इकडे श्मीडसाहेब लालबुंद. "सगळी कार्डं पुन्हा लिहिती करा, आजच्या आज!"

"म्हणजे पुन्हा कार्डं नासणार. नाही करणार मी."

"हा हुकूम आहे!"

"मग तुम्हीच चढा. तिसरी पायरी मोडकी आहे, सांभाळून."

साहेबांनी तीन दिवसांची मुदत दिली. कँटीनमध्ये सूप ढवळत बाई मला म्हणाली, "काढलं मला, तर या वयात कोण ठेवणार रे?" तिचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता.

पण कामाला लागली. लिहाव्या लागणाऱ्या फाइली शोधल्या, त्या मोजून चार निघाल्या. कार्डाचा एक छोटा कोपरा वेगळा कापून तेवढाच लिहिता ठेवला आणि त्या चौघींना तिथे हलवलं. जुन्या फाइलीवर गिरवायचं नाही, शेजारी नवी पूर्ण लिहायची आणि मगच नावाची अदलाबदल करायची. मध्येच वीज गेली तरी जुनी शाबूत. पहिल्या चाचणीत पुन्हा १९७०! कोपरा उघडण्याआधीच घड्याळाचा प्रोग्राम धावत सुटला होता. "अगं भवाने, दार उघडेपर्यंत तरी थांब!" बाई बोर्डावर ओरडली आणि तिने क्रम बदलला.

मग तिने प्लग उपटायला सुरुवात केली. दोनशे वेळा. एका हातात प्लग, दुसऱ्यात कोलाच म्हणजे खसखशीचा गोड पाव, आणि मी कागदावर रेघा मारतोय. एकशे सदतिसाव्या खेपेला तो कोपराच नासला. बोर्डाने आपला आपण नवा कोपरा बांधला, कार्ड तयार केल्याची तारीख धरून उठला, त्यामुळे प्रमाणपत्र पटलं आणि तो मिनिटभरात खऱ्या वेळेवर आला.

"आजारी पडला, पण मेला नाही," बाई बोटं चाटत म्हणाली.

मुदतीच्या आत एक्केचाळीस बोर्डांत नवी कार्डं बसली. महिन्याभरात भर दुपारी गावाची वीज गेली. परत आली तेव्हा बोर्ड थोडे मागे होते, बघता बघता सावरले. कुणाला कळलंसुद्धा नाही.

साहेब 'श्मीड पद्धती'वर व्याख्यान द्यायला प्रागला गेले. तिथे कुणीतरी विचारलं, कोपरा उघडण्याआधी घड्याळाला थोपवता कसं? साहेबांनी बाहेर येऊन बाईला फोन लावला.

"तुमची पद्धत ना, साहेब? मग मला कसं माहीत असणार?" म्हणून तिने फोन ठेवला, आणि दिवसभर नोकरी गेली असं समजून टेबल आवरत बसली.

नोकरी गेली नाही. साहेब दोन आठवडे तिच्याकडे न बघता वावरले. मग 'श्मीड पद्धती'ची माहितीपुस्तिका छापून आली. त्यात साहेबांच्या नावाखाली बारीक अक्षरांत तिचंही नाव होतं, आणि त्या नावातच चूक होती. बाईने पेन काढलं आणि डेपोतल्या तीसच्या तीस प्रतींमध्ये ती दुरुस्त केली.