मलप्रभेच्या काठी दिलेला शब्द

वडगावातल्या आमच्या घरात यंत्रमाग दिवसभर धडधडत असतात. त्या आवाजात वाढलेल्या माझ्या धाकट्या भावाला हेवी मेटल आवडलं, याचं मला कधी नवल वाटलं नाही. त्याचा जीव एकाच इंग्रजी बँडवर होता. वाजवणारे सत्तरीकडे झुकलेले, तरी अजून जगभर फिरणारे. ब्राझील, जपान, पोलंड. इंग्रजी न येणारी माणसंही त्यांच्याबरोबर शब्द न शब्द गाताना तो मला मोबाईलवर दाखवायचा. "आक्का, बघ की, आज्जे झालेत, पण पळत्यात कसे!"

बँड बेंगळूरला आला तेव्हा त्यानं तिकीट काढलं. आप्पांनी, म्हणजे आमच्या थोरल्या चुलत्यांनी, त्याला स्टँडवर बसमधून खाली ओढलं. कवटी छापलेल्या टी-शर्टचा गळा धरून, सगळ्या लोकांसमोर. "मसणातली गाणी ऐकायला चाललंय बेणं!" पुढे पाहुणे आले की आप्पा हा किस्सा रंगवून सांगायचे. सगळे हसायचे. भाऊ मान खाली घालून चहा द्यायचा. कोण किती हसलं, ते मी विसरले नाही.

नंतर तो डेंग्यूनं गेला.

दहाव्याला खानापूरजवळ मलप्रभेच्या काठी पिंड ठेवला. कावळा शिवेना. आई म्हणाली, तुझी गाडी विकणार न्हाय. मामा म्हणाले, आईला सांभाळतो. कावळा फांदीवरून हलेना. आमच्यात अशा वेळी बायका मागं थांबतात. मी पुढे गेले.

"आप्पा, तुमी बोला."

"मी काय बोलू गं?"

"त्या गाण्यांना नेतो म्हणा."

"गेलेल्या माणसाला कुठं नेऊ?"

"मग तुमी जावा. त्याच्या वाटणीचं ऐका. पार शेवटपर्यंत."

सगळी भावकी बघत होती. आप्पांनी हात जोडले आणि मोठ्यानं शब्द दिला. कावळा उतरला. लोक तोवर मागे सरले होते, म्हणूनही उतरला असेल. माझा कावळ्यावर विश्वास नाही. आप्पांचा आहे, आणि मला तेवढं पुरेसं होतं.

बँड पुन्हा येतोय कळताच मी दोन तिकिटं काढली. आप्पा म्हणाले, गुडघे दुखत्यात. मी म्हटलं, "कावळ्याला सांगा जाऊन."

मैदानात ऊन उतरेपर्यंत आम्ही उभे होतो. कॉलेजातली पोरं, पोट सुटलेले साहेब, नातीला खांद्यावर घेतलेला एक म्हातारा. सगळे काळ्या कपड्यांत. आप्पा हैराण होतील अशी माझी आशा होती. पण वाजायला लागलं तरी त्यांनी कानावर हात नेला नाही. मागापाशी आयुष्य काढलेला माणूस तो. थोड्या वेळानं त्यांची मान ठेक्यावर हलू लागली. इतका राग मला स्टँडवरची हकीकत ऐकूनही आला नव्हता.

"त्यो गाणारा माझ्याच वयाचा असंल की गं," ते म्हणाले.

"असेल."

मैदानभर लोक एका सुरात गाऊ लागले. आप्पा वळून वळून त्या तोंडांकडे बघत राहिले. मग त्यांची मान थांबली.

"पोरगं हितं असायला पायजे हुतं."

"तिकीट होतं त्याच्याकडं, आप्पा."

त्यांनी डोळ्यांना पंचा लावला. "चल, भाईर जाऊ. बघवंना."

"अजून गाणी हायत," मी म्हटलं, आणि त्यांचं मनगट धरलं. त्यांनी दोनदा ओढून पाहिलं. मी सोडलं नाही.