व्याह्यांनी शोधलेली आतेबहीण

समोरच्या माणसाचं मूळ गाव कळल्याशिवाय ज्यांना चहा गोड लागत नाही अशी माणसं आपल्याकडे पुष्कळ असतील. पण गाव कळल्यावरही ज्याचं समाधान होत नाही असा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. घर सांगलीला, सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात. कालव्याच्या शेपटाला पाणी कमी आलं की हे तिथून निघायचे आणि कुणी कुठे पाट फोडलाय ते हुडकत थेट धरणाच्या भिंतीपर्यंत जायचे. निवृत्तीनंतर कालवे सुटले, खोड सुटली नाही. ती माणसांकडे वळली. आधी त्यांनी स्वतःच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापला. मग बायकोच्या माहेरचा. मग मी नको नको म्हणत असताना माझ्या घराण्याचा, आणि माझ्या सख्ख्या आजोबांचं आणखी एक लग्न झालं होतं ही बातमी मला म्हातारपणी छापील स्वरूपात मिळाली.

माझी मुलगी आणि त्यांचा मुलगा डब्लिनच्या विमानतळाजवळ स्वोर्ड्सला राहतात. 2015पासून दर उन्हाळ्यात आम्ही दोघंही तिकडे जाऊ लागलो. घर लहान, म्हणून दोन्ही व्याह्यांची सोय एकाच खोलीत. मी मुलीचा बाप, त्यामुळे खिडकीजवळचा पलंग त्यांना द्यावा लागला आणि पहाटेपासून त्यांचं बोलणं ऐकावं लागलं. पहिल्याच खेपेला विमानतळावर अधिकाऱ्यानं विचारलं, "किती दिवस राहणार?" हे म्हणाले, "तीन महिने. आपण मूळचे कुठले?" तो बिचारा आयर्लंडच्या केरी परगण्यातला निघाला. "केरीत कुठले?" मागची रांग चुळबुळत होती आणि तो शिक्का हातात धरून आजोबांच्या शेताच्या सीमा सांगत होता. गणपतीला मराठी मंडळी जमत, तेव्हा पुण्या-नागपूरची संगणकवाली पोरं यांना बघून हातातली ताटली घेऊन स्वयंपाकघरात पळायची. एक मुलगी मला म्हणाली, "काका, मी मोदक घ्यायला उठले आणि मावसभाऊ घेऊन आले. आता त्याच्या घरी जेवायला जावं लागणार!"

या मंडळींत त्यांची एक गोष्ट अजून सांगितली जाते: काकांनी गोऱ्या बाईला भलताच आजोबा चिकटवला. ती गोष्ट पसरवली मी. नकलेसकट सांगायचो, व्याही चष्मा कपाळावर चढवून बोट नाचवतात तसं बोट नाचवून. लोक डोळे पुसेपर्यंत हसत. पण ती गोष्ट अर्धीच आहे. पुढची अर्धी मला पहिल्यापासून ठाऊक होती. तिथे हशा येत नाही म्हणून मी ती गिळली. आता ती सांगून टाकतो.

बाईचं नाव रोझा. स्वोर्ड्सच्या रस्त्यावर तिचं चिप्सचं, म्हणजे तळलेल्या बटाट्याच्या फोडी आणि मासे विकायचं दुकान, वडलांनी काढलेलं. वडील रोमच्या दक्षिणेच्या डोंगरातल्या एका खेड्यातून काकाचं बोट धरून आयर्लंडला आले होते, पुढे घराशी काहीतरी बिनसलं आणि पत्रं थांबली. मुलांना ते त्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. रोझा पंच्याहत्तरीच्या पुढची, नवरा गेलेला, मूलबाळ नाही, आणि एकुलता भाऊ पीटर आदल्याच वर्षी वारला होता. व्याह्यांची आणि तिची ओळख भांडणातून झाली. "चिप्स कुठल्या कढईत तळता? माशाच्या?" असं यांनी विचारलं. "कढई वेगळी आहे. शपथ घेऊ का बायबलवर?" असं ती म्हणाली. "नको, कढई दाखवा." तिनं काउंटरची फळी उचलून यांना आत नेलं आणि कढई दाखवली. तेव्हापासून हे तिचे 'मिस्टर सांगली' झाले. आणि अर्थातच त्याच संध्याकाळी पुढचा प्रश्न आला.

"मूळ गावी कोण असतं तुमचं?"

"कोणी नाही, लव्ह," ती पुडा बांधत म्हणाली. "म्हणजे असेल, पण मला माहीत नाही. मी मेले की माझे बाबा कुणाच्या घरातले होते हे सांगणारंच कोणी उरणार नाही. आत्ता तरी कुठे आहे? मलाच माहीत नाही."

व्याह्यांनी घरी येऊन जाहीर केलं, "बाईचं माणूस काढायचं." कुणी परवानगी दिली नव्हती, कुणी मागितलीही नव्हती. मुलीच्या फ्रिजवर भलामोठा कागद चिकटला. अडचण अशी की त्या खेड्यात निम्म्या घरांचं आडनाव तेच. पण वडलांचं पूर्ण नाव होतं जोव्हान्नी अन्तोनियो अमुक. व्याह्यांनी मांडीवर थाप मारली. "मधलं नाव आहे की! मग बाप सापडला म्हणून समजा."

कुणालाच त्यात खटकलं नाही. मलाही नाही. स्वतःचं नाव, मग बापाचं, मग आडनाव. जगात दुसरं काय असणार? त्या खेड्यातल्या पाद्रीबाबांना मोबाइलच्या भाषांतरावर गाठून व्याह्यांनी अन्तोनियो शोधला, त्याचा वेल शोधला, आणि वेलाच्या टोकाला कॅनडातला एक निवृत्त सुतार पकडला. रोझाच्या दुकानात व्हिडिओ कॉल झाला. सुतार रडला, रोझा रडली, रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि व्याह्यांनी चिप्सच्या दुकानात पेढे वाटले. सुतार पुढच्या उन्हाळ्यात येणार असं ठरलं.

पुढच्या आठवड्यात व्याही कागद पुरा करायला बसले. "पीटरचं पूर्ण नाव सांगा."

"पीटर जोसेफ."

"जोसेफ कसं? बाप जोव्हान्नी ना? मधे बापाचं नाव नको?"

"बापाचं?" रोझा हसली. "ते कशाला? मधे आईला आवडेल ते. नाहीतर एखाद्या संताचं."

व्याह्यांनी पेनाला टोपण लावलं. चिप्स तशाच टाकून ते घरी आले आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसले. मी म्हणालो, "व्याही, आता गप्प बसा. म्हातारी खूश आहे, सुतार खूश आहे. कुणाला कळणार आहे?"

"दुसऱ्याच्या पाटाचं पाणी आहे हो ते."

"असू दे की. भिजली ना ती?"

माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं की मी पांघरूण नीट करू लागलो. सकाळी ते दुकान उघडायच्या आधी जाऊन उभे राहिले. मी सोबत होतो. त्यांनी आपल्या मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं, एकही शब्द मऊ न करता.

"म्हणजे तो माझा कोणी नाही?" तिनं विचारलं.

"नाही. चूक माझी."

"मी त्याला बाबांच्या आवडीनिवडी सांगितल्या, मिस्टर सांगली. तासभर." तिनं दारावरची पाटी उलटी केली आणि त्या दिवशी दुकान उघडलंच नाही.

लोक सांगतात ती गोष्ट इथे संपते. पण व्याही दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा रांगेत उभे होते.

"काय हवं?" तिनं वर न बघता विचारलं.

"चिप्स. आणि पीटरचं नाव कुणावरून ठेवलं?"

"पुढचा!"

तिसऱ्या संध्याकाळी तेच. चौथ्या संध्याकाळी पाऊस, तरी तेच. रांगेतली पोरंसुद्धा म्हणू लागली, "सांगून टाका हो, आम्हाला भूक लागलीय." मी घरी म्हणालो, "अहो, आपल्या रीतीवर विसंबून एकदा पडलात. आता थोरल्या नातवाला आजोबाचं नाव, ही पण आपलीच रीत. पुन्हा तिच्यावरच?" ते म्हणाले, "पाट चुकला माझा. धरण आहे तिथेच आहे." एवढं बोलून छत्री झटकून ते झोपले.

आयरिश उन्हाळा सरत आला तेव्हा एकदा दुकानात गर्दी नव्हती. रोझा काउंटर पुसत होती. पुसता पुसताच म्हणाली, "बाबा रागावले की त्याला पीटर नाही, पिएत्रो म्हणायचे. आणि म्हणाले की स्वतःच गप्प व्हायचे. आई म्हणायची, बापाचं नाव तोंडात आलं की असंच होतं त्याचं."

व्याह्यांनी हळूच विचारलं, "आणि वडलांचा देव कोणता?"

"देव? सगळ्यांचा असतो तोच!"

"तसा नाही. घरचा."

ती मग म्हणाली की ऑगस्टात एक दिवस बाबा दुकान बंद ठेवायचे, संध्याकाळपर्यंत काही खायचे नाहीत, आणि एका संतापुढे मेणबत्ती लावायचे. त्या संताचं नाव आयर्लंडमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं.

"कुलदैवत!" व्याही मराठीतच ओरडले. "जत्रेचा उपास आहे बाई तो!"

पाद्रीबाबांना पुन्हा फोन गेला. त्या संताचं देऊळ गावाच्या एकाच वाडीत होतं, आणि त्या वाडीत पिएत्रो नावाचा, ज्याचा मुलगा आयर्लंडला गेला असा, एकच माणूस होऊन गेला होता. त्याच्या मुलीची मुलगी अजून त्याच घरात राहत होती. व्याही रोझाला म्हणाले, "ही नुसती कझन नव्हे. आतेबहीण." आतेबहीण हा शब्द त्यांनी तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतला.

पण ही आतेबहीण म्हातारी, विमानाला घाबरायची, तिची समजूत काढण्यात दिवस गेले आणि व्याह्यांचा व्हिसा संपला. पुढच्या वर्षी त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला, मग साखर वाढली. डॉक्टरांनी प्रवास बंद केला. त्यामुळे आतेबहीण आली तेव्हा विमानतळावर रोझासोबत मी होतो. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती. म्हातारीनं रोझाचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि काहीतरी विचारलं. सोबत आलेल्या पुतणीनं सांगितलं, "ती विचारतेय, नीनूच्या पायाची जखम भरली होती का शेवटी? कोवळ्या वयात झाडावरून पडला होता. माझी आजी, म्हणजे त्याची आई, मरेपर्यंत काळजी करायची." रोझाला वडलांना घरात नीनू म्हणायचे हे माहीत नव्हतं. वडील जरा लंगडायचे, एवढंच माहीत होतं.

मी फोटो काढला आणि सांगलीला पाठवला. लगेच फोन आला.

"रडल्या का?"

"दोघीही."

"त्यावर जाऊ नका. सुतारही रडला होता. फोटो अगदी नाकाजवळ धरलाय, पण नीट दिसत नाही हो. काळे कोट घातलेल्या दोन बायका दिसतात. यातली आपली रोझा कोणती?"

मी फोटो मोठा करून पाहिला. चार वर्षं तिच्या हातच्या चिप्स खाल्ल्या होत्या मी. तेच पांढरे आखूड केस, तेच कपाळ, तोच ओठ आत ओढलेला. मला सांगता येईना. आणि हेच त्यांना सांगायला हवं होतं, की व्याही, ओळखू येत नाहीत, इतक्या एक आहेत. पण मी मुलीचा बाप, आपलं अडलेलं दाखवायचं नाही ही जुनी सवय. अंदाजानं म्हणालो, "डावीकडची."

"बरं," ते म्हणाले, आणि फोटोतल्या डाव्या बाजूकडे बघत राहिले असावेत, कारण फोन बंद करायचं विसरले.

रोझा उजवीकडे होती. दुसऱ्या दिवशी तिनंच मला दाखवलं. कळवू, कळवू म्हणत राहिलो, आणि त्या हिवाळ्यात व्याही गेले.