हाइनरच्या रानातला सरवा

रविवारी सकाळी आम्ही दोघं घरातून निघालो तेव्हा तिच्या हातात दोन बादल्या होत्या आणि माझे हात रिकामे होते. मी मुद्दामच काही घेतलं नव्हतं, कारण मला जायचंच नव्हतं. ती बूट घालून पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, येताय का मी एकटी जाऊ?" मग गेलो. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली होती, या प्रश्नाला "जा एकटी" असं उत्तर मी कधी दिलेलं नाही. कुरकुर करायची आणि मागनं जायचं, हीच माझी पद्धत.

हाइनर आमचा शेजारी. माझ्याच वयाचा, बटाट्याचा शेतकरी. आमच्या घरामागं त्याचं रान सुरू होतं ते पार पवनचक्क्यांपर्यंत. मशीन बटाटा काढून गेलं की मागं राहिलेला माल गावातल्या कुणीही वेचून न्यावा, अशी इथं जर्मनीत रीत आहे. आपल्याकडं त्यालाच सरवा म्हणतात. मालकानं हो म्हटल्याशिवाय रानात पाय टाकायचा नाही, हे पण दोन्हीकडं सारखंच.

मी सातगाव पठारावरचा माणूस, चौथी शिकलेला. जन्मभर बटाटा लावला, काढला आणि मंचरच्या बाजारात नेला. आमच्या रानात सरवा वेचायला मजुरांच्या बाया यायच्या. आई मला म्हणायची, "त्या वेचताना तिकडं बघत उभा राहू नको रे, त्यांना लाज वाटती." आणि इथं माझीच बायको परक्याच्या रानात वाकायला लागली. पहिल्या वर्षी मी तिला म्हणलं, आपण भिकेला लागलोय का. ती म्हणाली, "डॉक्टरची बायको पण आलीय, बघा तिकडं. गप वाका."

त्याच वर्षी आमची एक चूक झाली. कोपऱ्यातल्या चार सऱ्या ओल्या होत्या म्हणून हाइनरनं मागाहून काढायला ठेवल्या होत्या. आपल्याकडं काढणीची टोळी रानातून गेली की रान मोकळं, म्हणून आम्हाला वाटलं त्या सोडून दिल्यात. दोघांनी कुदळीनं दीड सरी उकरून काढली. तेवढ्यात हाइनर ट्रॅक्टर घेऊन आला. मला वाटलं, आता हा पोलीस बोलावतो. तो खाली उतरला, आमच्या ढिगातले बटाटे एकेक उचलून फिरवून बघायला लागला. एकाही बटाट्याला कुदळ लागली नव्हती. त्यानं घरी जाऊन बायकोला आणलं, तिला बटाटे दाखवले, मग माझ्या पाठीवर थाप मारली. तेव्हापासून आमची ओळख. त्याला मराठी येत नाही, मला जर्मन येत नाही. बटाटा मधून कापून एकमेकांना दाखवायचा, मान हलवायची. तेवढ्यावर पाच वर्षं गेली.

गावाकडचे लोक फोनवर विचारतात, म्हातारा आता एकटा तिकडं काय करतो, परत का येत नाही. इकडं आलेली आपली पोरं पण विचारतात, आईवडिलांना आणावं का. प्रत्येकाला फोनवर सांगायला मला जमत नाही. म्हणून एकदाच लिहितोय.

हे घडलं त्या साली इंग्लंड युरोपच्या बाजारातून बाहेर पडायची बोलणी चालली होती. एखाद्या गावानं दूध संघातून नाव काढून घ्यावं तसं. पण नाव काढायला किती वर्षं लागावीत? आज पडणार, उद्या पडणार, तारीख पुढं ढकलली. इंग्लंड कुठं, आमचं हे चारशे घरांचं गाव कुठं. पण हाइनरचा बटाटा ज्या कारखान्यात जातो तिथं त्याचे काप करून गोठवतात आणि ते इंग्लंडला जातात. कारखान्यानं पुढच्या वर्षाचा करार करायचं थांबवलं होतं. करार नाही तर बेणं किती मागवायचं? सगळं गाव तिथंच अडलं होतं. बेकरीत गेलं की तेच. कुणी विचारलं की हाइनर म्हणायचा, "माल झेन." म्हणजे बघू. दोन हिवाळे तो हेच म्हणत होता. माझा मुलगा अनिल बटाटा काढायची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तिथं पण इंग्लंडच्या ऑर्डरी थांबल्या आणि लोकांना आठवड्यातून चारच दिवस काम राहिलं.

आमचं दोघांचं अडलं ते वेगळ्याच कारणानं. अनिल आधी अकरा वर्षं इंग्लंडला होता, पासपोर्ट तिथलाच. त्या पासपोर्टावर तो इथं आला आणि त्याच्यावर अवलंबून म्हणून आम्हा म्हाताऱ्यांना इथं राहायचं कार्ड मिळालं. आता इंग्लंडच बाहेर पडणार म्हणल्यावर आमच्या कार्डाला खाली आधार काय? परदेशी लोकांच्या ऑफिसातून पत्र आलं, दोघांनी सोमवारी सकाळी नऊला या, अर्ज नव्यानं भरायचाय. इथं अशा ठरवून दिलेल्या वेळेला टर्मिन म्हणतात आणि देव चुकला तरी टर्मिन चुकवत नाहीत.

मला आतून बरं वाटलं होतं. मनात म्हणलं, चला, सुटलो. मी तिला सांगून टाकलं होतं की टर्मिनला जाऊन मी सांगणार, आम्हाला नको तुमचं कार्ड, आम्ही आमच्या गावाला चाललो. अनिलनं समजावलं, अण्णा, एकदा नाही म्हणालात तर पुन्हा मिळणार नाही. मी म्हणलं, नको मिळू दे.

पाच वर्षांपूर्वी गाव सोडलं तेव्हा रडलो होतो तो मी. ती रडली नव्हती. म्हैस बहिणीकडं पाठवली, भांडी जावेला दिली, घराला कुलूप लावून किल्ली माझ्या धाकट्या भावाच्या हातात दिली आणि गाडीत जाऊन बसली. मी आपला दाराची कडी धरून उभा. तेव्हा मला तिचा राग आला होता. एवढं घर, आणि हिला काहीच कसं वाटत नाही.

आता कळतंय, पण उशिरा. त्या घरात ती वीस वर्षं माझ्या आईला विचारल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. आईमागं मला विचारायची. इथं आल्यावर सूनबाईनं तिला मागं दोन चाकं असलेली सायकल आणून दिली. चौसष्टाव्या वर्षी ती सायकल शिकली. नऊवारी सोडून पॅन्ट घालायला लागली. बेकरीत जाऊन बोटानं दाखवून पाव आणायची, मोडकंतोडकं बोलायची, बोलता बोलता "गेनाऊ, गेनाऊ" करायची, म्हणजे बरोबर, बरोबर. नात सई तिच्याशी जर्मनमध्ये बोलायची आणि ही तिला मराठीत उत्तर द्यायची, दोघींचं कुठं अडत नव्हतं. अडायचं ते माझं. मी खिडकीत बसून पाऊस बघायचो आणि पठारावर आता काय चाललं असेल ते सांगत राहायचो.

तर त्या रविवारी रानात नेहमीपेक्षा जास्त माल पडला होता. हाइनरनं यंदा घाईघाईत काढणी उरकली होती, मन नव्हतं त्याचं. ती भराभरा वेचत होती. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की ती दोन बादल्यांत वेगवेगळं टाकतीय. एकीत खायचे, दुसरीत कोंबडीच्या अंड्याएवढे, एकसारखे, डोळे चांगले असलेले. बेणं काढत होती. परसात एप्रिलमध्ये लावायला.

माझं डोकं फिरलं. म्हणलं, "एप्रिलात आपण इथं असणारे का? कुणासाठी काढतीस बेणं?"

ती वाकलेलीच होती. म्हणाली, "लावीन मी. तुम्हाला जायचं तर जावा."

"आणि तू?"

"मला इथं बरं वाटतं." मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि हसली. "तुमची तिकडं कोण वाट बघतंय? पारावरची चौकडी? त्यातला एक राहिलाय, त्याला पण ऐकू येत नाय."

मला हसू आलं होतं, पण मी हसलो नाही. मी म्हणलं, "उद्या ऑफिसात मी सांगणार म्हणजे सांगणार. दोघांचं सांगणार." ती पुन्हा वाकली. बादल्या भरल्या, दोन्ही मी उचलल्या. 

घरी येऊन तिनं बटाटे धुतले, बेण्याचे न धुता पोत्यावर पसरले. जेवलो. तीनच्या सुमाराला ती चहा घेऊन मागच्या दाराच्या पायरीवर बसली, ऊन होतं म्हणून. सई आतून तिला काही दाखवायला आली आणि हाक मारून परत माझ्याकडं आली. म्हणाली, ओमा उठत नाही. आजीला ती ओमा म्हणते. मी गेलो तर कप सरळच ठेवलेला होता, सांडलेला पण नव्हता. डॉक्टर आला, म्हणाला, हृदय बंद पडलं, त्रास झाला नसेल. असं सगळ्यांनाच सांगत असतील.

आपल्याकडं माणूस गेलं की दोन-चार तासांत उचलतात. बाकीचे करतात, आपण नुसतं मागं चालायचं. इथं तसं नाही. काळ्या कोटातला एक माणूस संध्याकाळी येऊन तिला घेऊन गेला आणि म्हणाला, दहनाला आठ-दहा दिवस लागतील. जाताना त्यानं अनिलला विचारलं, राख इथल्या स्मशानभूमीत पुरायची का भारतात न्यायची? इथं राख घरी ठेवता येत नाही, नदीत सोडता येत नाही. दोन्हीकडचे कागद वेगळे असतात, उद्यापर्यंत कळवा.

अनिलनं माझ्याकडं बघितलं. मी पायरीवरचा कप उचलून आत नेला.

मग हाइनर आला. टोपी काढून दारात उभा राहिला, आत येईना. अनिलशी बराच वेळ बोलला. त्याच्या आईबापाच्या शेजारची जागा मोकळी आहे, हवी असेल तर गावच्या ऑफिसात तो शब्द टाकेल. फक्त एक, म्हणाला, जागेची निगा राखायला घरातलं कुणीतरी लागतं. गवत वाढलं, कुणी फिरकलं नाही, तर गावचं ऑफिस तिथं चिठ्ठी लावतं आणि मग जागा काढून घेतं. अनिलनं मला सांगितलं आणि पुढं म्हणाला, "माझ्या नोकरीचं काही खरं नाही, अण्णा. तुम्ही गावाला जाणार. मग इथं कोण बघणार? आईला गावाला न्यायचं का? भीमेत राख सोडू."

बरोबरच बोलत होता. आमचं सगळं भीमेतच सोडलंय, बाप, आई, थोरला भाऊ. मी तरी पण हो म्हणलं नाही.  दुपारपर्यंत मी तिला सांगत होतो, दोघांचं मीच सांगणार. आता खरोखर दोघांचं मलाच सांगायचं होतं.

सोमवारी सकाळी अनिल ऑफिसात फोन लावत होता, आईचं असं झालं, आज येता येणार नाही म्हणून. मी आंघोळ करून कोट घालून बाहेर आलो. म्हणलं, फोन ठेव, गाडी काढ. सूनबाई म्हणाली, अण्णा, सुतक आहे. मी म्हणलं, सुतक मला आहे, त्या ऑफिसाला नाही.

गाडीत अनिल एकदाच बोलला. "अण्णा, रागात काही सांगून टाकू नका." त्याला वाटत होतं, मी कार्ड परत करायला चाललोय.

टेबलामागं एक तरुण बाई होती. तिच्यापुढं दोन फाइली तयार ठेवल्या होत्या. तिनं माझ्या मागं बघितलं, दुसरं माणूस कुठंय म्हणून. अनिलनं सांगितलं. बाई उठली, टेबलाला वळसा घालून आली, माझा हात हातात धरला आणि ते लोक अशा वेळी म्हणतात ते म्हणाली. मग एक फाइल मिटून बाजूला ठेवली. अनिलकडून मला कळवलं, आज राहू द्या, महिन्याभरानं या, तुमची वेळ मी राखून ठेवते.

मी म्हणलं, तिला सांग, मला आजच अर्ज द्यायचाय. राहण्याचा.

अनिलनं परत विचारलं, नक्की ना. मग भरायला बसला. नाव, गाव, जन्म. पुढं एक रकाना आला, इथं राहणारी तुमच्या घरची माणसं. त्यानं स्वतःचं लिहिलं, सूनबाईचं, सईचं, आणि पान उलटायला लागला. मी पानावर हात ठेवला.

"तुझ्या आईचं राहिलं."

"अण्णा," तो हळू आवाजात म्हणाला, "इथं राहणाऱ्यांचीच नावं लिहायचीत."

"मग ती कुठं चाललीय?"

 कालपासून तो राखेचं जे विचारत होता त्याचं उत्तर त्याला मिळालं. डोळे भरून आले त्याचे, पेन धरवेना. मी त्याच्या हातातलं पेन घेतलं. मला इंग्रजी अक्षरं येत नाहीत, मराठीतच येतं. तिघांच्या नावाखाली थोडी जागा होती. तिथं सावकाश लिहिलं, हिराबाई.

बाईनं वाकून बघितलं आणि अनिलला विचारलं, हे काय लिहिलंय. त्यानं सांगितलं.  खोडलं नाही तिनं. पान उलटलं आणि सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं. मी सही केली.