पोरगी कोणावर जाईल?

माझ्या नणंदेला, गौतमीताईंना, एकच प्रश्न विचारायचा पगार मिळतो: बाळाच्या तोंडात पहिलं काय गेलं? जयपूरच्या सी-स्कीम भागातल्या एका संस्थेत त्या माता-बालआरोग्यावर संशोधन करतात. म्हणजे काय, तर चाकसूकडच्या गावांत उन्हातान्हाचं फिरून बाळंतिणींच्या सासवांशी भांडतात. सवय इतकी लागली आहे की ही सासरची मंडळी मला बघायला अकोल्याला आली तेव्हा माझ्या आईने पोह्यांची बशी पुढे केली, आणि ताईंनी विचारलं, "हर्षालीला जन्मल्यावर काय चाटवलं होतं?" आई बावचळली. मुलीत खोट शोधतायत असं वाटून म्हणाली, "अहो, काहीच नाही!" ताई एवढ्या खूश झाल्या की माझं लग्न तिथेच ठरलं.

जयपुरात अशी समजूत आहे की नुकत्याच जन्मलेल्या बाळाला एखाद्या गुणी माणसाने मध नाहीतर गूळ चाटवावा. त्याला घुट्टी म्हणतात. जो चाटवेल त्याचा स्वभाव बाळाला लागतो. ताईंचं म्हणणं, पहिल्या तासात आईचं दूध आणि पुढे सहा महिने दुसरं काही नाही, पाणीसुद्धा नाही. मध तर तान्ह्या बाळाला बाधतोच. यात वादाला जागा नाही, पण माझ्या सासूबाई भीमाबाई जागा करून घेतात. सासऱ्यांची रेल्वेतून इकडे बदली झाली त्याला जमाना लोटला. सासूबाईंनी वऱ्हाडी बोली अजून सोडलेली नाही, घुट्टी मात्र आल्या आल्या उचलली.

ताई जन्मल्या तेव्हा रेल्वे कॉलनीत सासूबाईंच्या ओळखीची एकच बाई होती, शेजारची मीराबाई. नळावर तिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. तिनेच गुळाचं बोट ताईंच्या तोंडात घातलं. झालं! ताईंनी लग्नाला नकार दिला, कारण मीराबाई. ताई साहेबाशी भांडल्या, मीराबाई.

"आई, तिनं प्रबुद्धलेही चाटवलं होतं ना?" ताईंनी एकदा शास्त्रीय पद्धतीने विचारलं. "मंग तो असा गरीब गाय कसा?"

प्रबुद्ध म्हणजे माझा नवरा. तो शेजारीच बसून मुकाट्याने मटार सोलत होता.

"त्याले सर्दी होती," सासूबाई म्हणाल्या. "त्यानं थुकून टाकलं."

अशा पुराव्यापुढे पीएच.डी. काय करणार?

गावांतही पहिली काही वर्षं ताईंची अशीच फजिती झाली. कुठेही विचारा, उत्तर ठरलेलं: "कुछ नहीं दिया, मैडमजी." संस्थेतले तक्ते सुंदर दिसत होते आणि बाळं मध चाटत होती. मग एका दुपारी थकून एका आजीच्या खाटेवर टेकल्या असताना ताईंनी सहज गप्पा म्हणून विचारलं, "पोता किस पर जाएगा?" आजीचा चेहरा उजळला. "अपने फूफाजी पर! उन्होंने ही तो शहद चटाया." फूफाजी म्हणजे बाळाच्या आत्याचा नवरा. ताई खाटेवरून पडायच्याच बाकी होत्या. त्या दिवसापासून त्यांनी प्रश्न बदलला, आणि खरं भडाभडा बाहेर येऊ लागलं. पुढे त्या प्रश्नावर दिल्लीत त्यांचं भाषण झालं, मानचिन्ह मिळालं.

मानचिन्ह त्यांनी प्रताप नगरच्या आमच्या घरी आणलं. सासूबाईंनी ते पिठाच्या डब्यावर ठेवलं, झाकण सैल होतं म्हणून. ताई हसल्या, पण त्यांना लागलं. जगाची शाबासकी मिळाली होती, घरची नव्हती. आणि घरी काय, तर सासूबाई भाजीवाल्यालासुद्धा सांगत, "कोणाची पोरगी माह्या गौतमीसारखी न होवो, भैया." मला याचा फार राग यायचा. पण सुनेच्या रागाला कोण विचारतो!

मग मला दिवस गेले आणि घराची रणभूमी झाली. नवव्या महिन्यात सासूबाईंनी ताईंना शब्द दिला, "नाई चाटवत, बाई. तुह्या मनासारखं होईन." ताईंनी मला हळूच बजावलं, "हर्षाली, चाकसूच्या सगळ्या सासवा असाच शब्द देतात. लक्ष ठेव." मी कळा द्यायच्या की लक्ष ठेवायचं?

मुलगी झाली. नर्सने तिला पुसून, गुंडाळून माझ्याजवळ आणून दिलं, तेवढ्यात चाकसूहून निघालेल्या ताई टोंक रोडची सगळी धूळ अंगावर घेऊन खोलीत शिरल्या. माझ्याकडे पाहिलंही नाही. चेहऱ्यावर ते गोड, मुलाखतीचं हसू आणून त्या सासूबाईंना म्हणाल्या, "आई, पोरगी कोणावर जाईन वं?"

या प्रश्नाने भल्याभल्या सासवा पकडल्या होत्या.

"तुह्यावर," सासूबाई म्हणाल्या.

ताईंचं हसू गेलं. "मतलब? चाटवलं कोणी?"

"कोणीच नाई. तुही वाट पाहून ऱ्हायली." सासूबाईंनी पिशवीतून मधाची बाटली काढली, पदराने चमचा पुसला, भरला आणि पुढे धरला. "तूच चाटव. तुह्यासारखी होऊ दे तिले. कोणाच्या बापाले भ्याली नाई पायजे."

प्रबुद्धने भिंतीकडे तोंड फिरवलं. जे ऐकायला ताईंनी जन्म घालवला होता ते आलं, आणि आलं तेही मधात बुडून. चाटवावं तर सारं काम पाण्यात, न चाटवावं तर आईचा हात तसाच हवेत. ताईंचे डोळे भरले. त्यांनी चमचा घेतला. मला वाटलं, गेलं संशोधन.

ताईंनी चमचा स्वतःच्या तोंडात घातला.

"अवं माय! सोताच खाल्ला!" सासूबाई किंचाळल्या.

"माह्यासाठीच होता तो," ताई भरल्या तोंडाने म्हणाल्या. हसत होत्या की रडत होत्या, कळत नव्हतं. "तिले तिची आई आहे ना."

तेव्हा कुठे लोकांना माझी आठवण झाली. ताईंनी बाळाला उचलून माझ्या छातीशी दिलं. बाळाला तोंडात नीट धरता येईना, तशी तिने अशी बोंब ठोकली की शेजारच्या खोलीतली नर्स धावत आली आणि प्रबुद्ध बाहेर गेला. मनासारखं मिळालं तेव्हाच ती गप्प झाली.

सासूबाईंनी कमरेवर हात ठेवले. "घ्या! न चाटवताच आत्याचा गुण लागला."

ताईंनी तोंड उघडलं. जन्मल्यावर प्रत्येक बाळ रडतं, त्याचा आत्याशी काही संबंध नसतो, हे सगळं त्यांच्या ओठांवर आलेलं मला स्पष्ट दिसलं. मग त्यांनी तोंड मिटलं, चमचा पुन्हा एकदा चाटला आणि आईच्या शेजारी जाऊन बसल्या.