एक फलाफल पायाचं

कुवेतला पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या एका बॅगेत कपडे होते आणि दुसरीत चिपळूण होतं. भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ, आमसुलं, सांडगे, आणि आईच्या हातच्या लिंबाच्या लोणच्याची बरणी. ती फुटू नये म्हणून तिच्याभोवती मी माझा लग्नातला शालू गुंडाळला होता. शालूला डाग पडला, लोणच्याला काही झालं नाही. विमानतळावरच्या माणसाने कुळथाच्या पिठाची पिशवी उघडून हुंगली, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता पुढे जायची खूण केली. मला वाटतं, त्याला माझी दया आली.

ही नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. लग्नानंतर दोन वर्षं हे इथे एकटेच होते, तेलाच्या कंपनीत. वर्षातून एकदा रजा, महिनाभराचा संसार, मग पुन्हा विमानतळावर रुमाल. शेवटी फॅमिली व्हिसा झाला आणि कुवेत शहराच्या दक्षिणेला समुद्राकाठी जे फहाहील आहे, तिथल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमचं बिऱ्हाड लागलं. दोन वर्षं बाहेर खाऊन ह्यांचं पोट शर्टाच्या बटणांशी भांडायला लागलं होतं. मी ठरवलं, आता ह्या घरात बाहेरचं काही येणार नाही.

हा बाणा टिकला साधारण दिवस जाईपर्यंत.

त्यानंतर मला कशाचाच वास सहन होईना. भाजणीचा डबा उघडला की न्हाणीघराकडे पळायचं. मेतकुटाचं नाव काढलं तरी तेच. बारा गावचं पाणी न प्यायलेली मी, माझ्याच गावच्या पिठावर उलटले. चौथा महिना लागला तरी वजन वाढायचं सोडून उतरतच होतं. जाब्रियातल्या दवाखान्यात एक हैदराबादच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मला काट्यावर उभं केलं, काटा पाहिला, मग ह्यांच्याकडे पाहिलं.

"ये खाती क्या है?"

"कुछ नहीं," हे म्हणाले.

"तो आप क्या करते हैं?"

"मैं खाता हूँ," हे प्रामाणिकपणे म्हणाले.

बाईंनी मग सरळच सांगितलं. सहाव्या महिन्याच्या शेवटापर्यंत हा काटा वर गेला नाही, तर मला आईकडे पाठवायचं. सातव्यानंतर विमानात घेताना कटकट करतात, तेव्हा त्याआधीच. आईचं तर फोनवर रोजच चाललं होतं, पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं असतं, तिथे काय गं मिळणार तुला, खजूर आणि तेल, आणि त्यातलं एक तर खायचंसुद्धा नसतं.

दोघींचंही बरोबर होतं. पण मला जायचं नव्हतं. दोन वर्षं मी ह्यांना पत्रांतून ओळखत होते. माणूस पेस्टची ट्यूब मधूनच दाबतो, झोपेत आकडे पुटपुटतो, पहाटे स्वतःचा चहा करताना माझाही करून झाकून ठेवतो, हे मला आत्ता कुठे कळत होतं. आता गेले असते तर बाळ घेऊन परत यायला वर्ष सहज गेलं असतं. ह्यांनी मूल पाहिलं असतं ते फोटोत. विमानाच्या तिकिटाची चौकशी करून आल्यावर हे त्या रात्री जेवले नाहीत. ह्यांनी जेवण चुकवणं म्हणजे काय, ते मला तोवर कळलं होतं.

खालच्या मजल्यावर मालवणच्या एक काकू राहायच्या. त्यांनी उपाय सांगितला. "गो, तुका काय तरी खावसा वाटत असतला. पोटातला पोरच सांगता. तां शोध. डोहाळे पुरे नाय झाले तर बाळाचो कान फुटता, माहीत आसा ना?"

"काकू, कान इन्फेक्शनने फुटतो," हे म्हणाले.

"होय, तुमच्या कंपनीत शिकवलानी असतला," काकू म्हणाल्या.

पण त्याच आठवड्यापासून ह्यांनी मला गाडीत घालून फहाहील दाखवायला सुरुवात केली. तेव्हा सुट्टी गुरुवार-शुक्रवारची असायची. गुरुवारी संध्याकाळी निघायचं आणि नाकाच्या भरवशावर फिरायचं. हे गाडी हळू चालवायचे, मी खिडकीची काच दोन बोटं खाली करायची आणि हुंगायचं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायच्या. एखाद्या दुकानापुढे मी नाक मुरडलं की हे म्हणायचे "नेक्स्ट", आणि गाडी पुढे.

कबाबांच्या गल्लीतून तर आम्ही काच पूर्ण बंद करून पळालो. इडली-सांबाराच्या हॉटेलात मी पहिल्या फोडणीलाच उठले, माझी इडली ह्यांनी खाल्ली. ज्यूसच्या दुकानात एकावर एक रंगांचे थर असलेला उंच ग्लास आला, वर मध, वर बदाम. मी एक घोट घेतला, बाकीचं ह्यांनी घेतलं. इराण्याच्या भट्टीवरची मोठ्या ताटाएवढी गरम रोटी मात्र थोडी गेली. तिथे मोठी रांग असायची, पण बाई दिसली की पुढचे पुरुष बाजूला होऊन हाताने वाट दाखवायचे. मला पहिल्या वेळी वाटलं माझ्या चेहऱ्यावरच काहीतरी लिहिलंय. नंतर कळलं की इथे ही रीतच आहे. रोट्या जाळीच्या लाकडी टेबलावर पसरून थोड्या निववायच्या आणि मग घडी घालायच्या. मी उभ्या उभ्याच कडा तोडून खायची. पण कडांवर मूल पोसत नाही. महिना गेला, ह्यांची पँट आणखी घट्ट झाली आणि काटा होता तिथेच.

अशाच एका गुरुवारी दमून परत निघालो होतो. हे म्हणाले, "जरा पाच मिनिटं. मला भूक लागलीय. तू काच लावून बस, वास यायचा नाही." आणि रस्त्यापलीकडे एका चिंचोळ्या दुकानापुढे जाऊन उभे राहिले. सिरियाकडचा एक जाडगेला, मिशाळ माणूस तिथे हरभऱ्याचे गोल वडे तळायचा. फलाफल. ते पावात भरून, वर कोशिंबीर, गुलाबी शलगमाचं लोणचं आणि एका बरणीतलं पिवळं काहीतरी घालून तो द्यायचा. हे माझ्याकडे पाठ करून खात होते, लपून विडी ओढणाऱ्या मुलासारखे.

काच मी लावली होती, पण माझ्या बाजूची नीट बसत नसे. त्या फटीतून वास आला. आंबट, तिखट, मेथी-हळदीचा, कैरीचा. मला आठवतं ते एवढंच की पुढच्या क्षणी मी रस्ता ओलांडलेला होता.

"अहो, ते द्या."

हे दचकले. "अगं, बाहेरचं आहे हे."

"मीही बाहेरच आहे. द्या."

"उष्टं आहे."

मी तो पाव ह्यांच्या हातातून घेतला आणि खाल्ला. तिथेच, रस्त्यात, हनुवटीवर पिवळे ओघळ घेऊन. जी मुलगी चिपळूणला पाणीपुरीच्या गाडीवरसुद्धा मैत्रिणीच्या आड उभी राहायची, ती. आणि मग मी थांबले, आणि आम्ही दोघं वाट पाहत राहिलो, आत्ता उलटी होईल, मग होईल. झाली नाही.

दुकानदार झारा हातात धरून हे सगळं पाहत होता. त्याने ह्यांना पोटावरून हात फिरवून खुणेने विचारलं. ह्यांनी मान हलवली. त्याने कपाळावर हात मारला, रांगेतल्या दोघांना थांबवलं आणि आधी माझ्यासाठी दुसरा पाव भरायला घेतला. भरता भरता तो मोडक्या हिंदीत ह्यांना रागावत होता. त्याचा सारांश असा, की वहाम लागलेली बायको गाडीत बसवून तू एकटा खातोस, तू माणूस आहेस का कोण आहेस? वहाम म्हणजे डोहाळे, हे आम्हाला तेव्हाच समजलं. मग त्याने कॉलर खाली ओढून मानेवरचा लांबट, जांभळा डाग दाखवला.

"मेरा अम्मा, वांगी माँगा," तो म्हणाला. वांग्यासाठी त्याने अरबी शब्द वापरला होता, पण डागाचा आकार पाहून शंकेला जागा नव्हती. "बाबा नहीं लाया. देखो."

त्यांच्याकडे असं मानतात, की डोहाळे राहिले तर ज्याची इच्छा झाली त्याचाच डाग बाळाच्या अंगावर उमटतो. गाडीत बसल्यावर ह्यांनी आधी माझ्या बाजूची काच पूर्ण खाली केली. मग म्हणाले, "म्हणजे मालवणात कान फुटतो आणि सिरियात डाग पडतो. दोन देशांचं एकमत आहे म्हटल्यावर रिस्क नको घ्यायला."

त्या पिवळ्या लोणच्याला तिकडे अंबा म्हणतात. कैरीचंच असतं. मी पुढचे दोन महिने त्यावर जगले. रोज कंपनीतून येताना हे पाव आणायचे, गुरुवारी मी स्वतः जायची. मी दिसले की दुकानदार लांबूनच झारा वर करायचा आणि अंबा दुप्पट घालायचा. मळमळीवर त्याने काळं वाळलेलं लिंबू घालून उकळलेला बिनदुधाचा चहा दिला, तोही बसला. फलाफल पोटात राहू लागल्यावर हळूहळू त्याच्या ओळखीने बाकीचेही आत आले. इराण्याची अख्खी रोटी, लबान म्हणून मिळणारं दाट ताक, मग वरणभात, आणि एक दिवस चक्क मेतकूट. आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिने ते माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग म्हणाली, "वडे का असेनात. हरभऱ्याचे आहेत ना?"

फक्त एकदाच फजिती झाली. एका शुक्रवारी दुपारी मला अचानक आत्ताच्या आत्ता तो पाव हवा झाला. गेलो तर शटर बंद. शुक्रवारच्या नमाजाची वेळ, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. मी हटून पायरीच्या सावलीत बसले. दुकानदार नमाजाहून आला तेव्हा एक पोटुशी बाई त्याच्या शटरला टेकून डोळे पुसतेय आणि तिचा नवरा तिला वर्तमानपत्राने वारा घालतोय, हे त्याला दिसलं. त्याला इतकं वाईट वाटलं की तेल तापेपर्यंत तो माझी माफीच मागत होता.

सहाव्या महिन्याच्या शेवटी जाब्रियाला गेलो. मी चपला काढल्या नाहीत, जड होत्या म्हणून. डॉक्टरीणबाईंनी काढायला लावल्या. काटा चढला, आणखी चढला. बाईंनी चष्मा वर केला.

"अब क्या खाती है?"

ह्यांनी सगळं सांगितलं. बाईंनी तळलेल्या पदार्थांवर एक छोटं भाषण दिलं आणि शेवटी विचारलं, "दुकान किधर है?"

मी राहिले. हे घरी येताना गाडीत शीळ घालत होते, अगदी बेसूर. इतकं बेसूर आणि इतकं चांगलं मी नंतर काही ऐकलेलं नाही.

काकूंनी माझं डोहाळजेवण केलं. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, मोगरा नव्हता म्हणून बाजारातली कसलीशी पांढरी फुलं. ताटात जे आवडेल ते वाढायचं असतं, म्हणून पुरणपोळीच्या शेजारी फलाफल होतं. वाट्या झाकून ओळखायच्या खेळात पेढा होता, बर्फी मिळाली नव्हती, म्हणून काकूंनी दुसऱ्या वाटीखाली फलाफलच ठेवलं. मी तेच उचललं. सगळ्या बायका विचारात पडल्या. एक म्हणाली, गोल आहे म्हणजे पेढ्यासारखंच, मुलगा. काकू म्हणाल्या, "तिखट आसा, मुलगीच."

मुलगी झाली. आई व्हिजिट व्हिसावर आली आणि आल्या आल्या बॅग उघडण्याआधी तिने नातीचे कान पाहिले. दोन्ही कोरडे. तिने ह्यांच्याकडे पाहून समाधानाने मान हलवली, जणू पाईपलाइनची तपासणी पास झाली.

सव्वा महिन्यानंतर बाळाला पहिल्यांदा बाहेर काढलं ते त्या दुकानात. दुकानदाराने हात धुतले, पुसले, बाळ घेतलं आणि उजेडात धरून बारकाईने पाहिलं. मान, गाल, दंड. "कुछ नहीं," तो आनंदाने म्हणाला. मग दुपट्यातून पाय बाहेर आला आणि तो थांबला. डाव्या तळव्यावर एक गोल, तपकिरी, खरपूस डाग होता. आम्हाला माहीत होता, पण त्याचा विचार कधी केला नव्हता.

त्याने अंगठ्याने तो डाग पुसून पाहिला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "जुम्मा."

"अहो, त्या शुक्रवारी तुम्ही आल्यावर मी चार खाल्ली होती," मी त्याला म्हटलं. हे म्हणाले, "भाई, डाग सबको होता है." पण त्याने ऐकलं नाही. एक फलाफल निवत ठेवलं, कागदात गुंडाळलं आणि माझ्या सव्वा महिन्याच्या मुलीच्या मुठीशी लावलं. हे हिचं, पायाचं, असं म्हणाला.

आम्ही पुढे थोड्या अंतरावरच्या एगैलाला राहायला गेलो, तरी दुकानातला गुरुवार सुटला नाही. मुलगी मोठी झाली, आम्ही मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. दुकानदाराच्या मानेवरचा वांग्याचा डाग दाढीत झाकला गेला, मग दाढी पांढरी झाली. पण आमच्या पिशवीत दर वेळी एक फलाफल जास्त असायचं, वेगळ्या कागदात. ह्यांनी खूपदा नको म्हणून पाहिलं. तो फक्त माझ्या मुलीकडे पाहायचा. ती बूट काढून, एका पायावर उभी राहून, त्याला तळवा दाखवायची.

"स्टिल देअर, अंकल," ती म्हणायची.

तो मान हलवायचा आणि तेलात झारा घालायचा.